चोरलेला उजेड आणि चारशे छिंग जमीन

१/
चिनी भाषेत चार अक्षरांच्या म्हणींना 'चेंगयू' म्हणतात. त्यांपैकी एक बहुतेक चिनी विद्यार्थ्यांना शाळेतच भेटते : 'झाओ बी तोउ गुआंग', म्हणजे भिंत कोरून उजेड चोरणे. गरिबीत, साधनांवाचून, केवळ जिद्दीने विद्या मिळवणाऱ्याच्या कौतुकासाठी ती वापरली जाते. म्हणीतला मुलगा काल्पनिक नाही. त्याचे नाव कुआंग हेंग. इ.स.पू. पहिल्या शतकात तो हान साम्राज्याचा महामंत्री झाला. पुढे त्याच पदावर असताना त्याच्यावर जे आरोपपत्र दाखल झाले, त्यातही मुख्य आरोप चोरीचाच होता. अक्षर वेगळे, अर्थ तोच. या वेळी चोरी उजेडाची नव्हती.

२/
म्हण पहिली चोरी सांगते आणि दुसरीबद्दल मौन पाळते. या मौनामुळे एका माणसाचे चरित्र अर्धवट राहिले, एवढेच झाले असते तर फार बिघडले नसते. परंतु 'गरिबाने मनावर घेतले की पुरे' हा जो समज शतकानुशतके या म्हणीच्या आधाराने पसरवला गेला, त्याला खुद्द कुआंग हेंगचे आयुष्यच आधार देत नाही.

३/
आधी गोष्ट. ती 'शीजिंग झाजी' म्हणजे 'पश्चिम राजधानीच्या किरकोळ नोंदी' या संग्रहात येते. ग्रंथाचा विषय हान काळातील छांगआन नगरी. पण त्याच्याशी चौथ्या शतकातील गे होंग याचे नाव जोडले जाते, म्हणजे कुआंग हेंगनंतर तीन-चार शतकांनी. गोष्ट अशी की, मुलगा अभ्यासू होता, घरात दिवा नव्हता. शेजाऱ्याकडे दिवा होता, पण त्याचा प्रकाश इकडे पोहोचत नव्हता. मुलाने मधल्या भिंतीला भोक पाडले, उजेड आपल्याकडे वळवला आणि त्या तिरिपेत पोथी धरून तो वाचू लागला.

४/
येथे एक बारकावा आहे. मूळ मजकुरातले क्रियापद 'चोरणे' नाही. मुलगा भिंत भेदून उजेड 'ओढून आणतो', जसे शेतकरी पाटाचे पाणी वळवून आणतो. 'चोरी' हा शब्द पुढे म्हण घडताना आत आला. बहुधा गंमत म्हणूनच, कारण उजेड चोरला तरी शेजाऱ्याकडचा कमी होत नाही. निरुपद्रवी चोरीचे याहून सुंदर उदाहरण सापडणे कठीण.

५/
पण गोष्ट येथे संपत नाही, म्हण संपते. त्याच नोंदीचा पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो, आणि खरे पाहता तोच अधिक महत्त्वाचा आहे.

गावात एक श्रीमंत गृहस्थ होता. त्याचे नाव वन बूशी. त्या नावाचा अर्थच 'अक्षरशत्रू' असा घेता येतो. त्याच्या घरी ग्रंथ मात्र पुष्कळ होते. कुआंग हेंग त्याच्याकडे राबू लागला आणि मजुरी घेईना. मालकाला नवल वाटले. त्याने विचारले तेव्हा मुलगा म्हणाला की, तुमच्या घरातले सगळे ग्रंथ वाचायला मिळावेत, एवढीच इच्छा आहे. मालक हेलावला, त्याने ग्रंथ दिले, आणि मुलगा पुढे मोठा विद्वान झाला.

६/
हा प्रसंग समजायला त्या काळचे पुस्तक डोळ्यांसमोर आणावे लागते. कागदी ग्रंथांचा जमाना अजून यायचा होता. बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर शाईने एकेक ओळ लिहायची, पट्ट्या दोरीने ओवायच्या आणि चटईसारखी गुंडाळी करायची. एका ग्रंथाच्या अनेक गुंडाळ्या होत. प्रत हातानेच करावी लागे. छपाई कित्येक शतके दूर होती. शेतमजुराच्या मुलाला तेल परवडत नव्हते हे खरे, पण ग्रंथ तर त्याच्या आवाक्यातच नव्हते. उजेडाचा प्रश्न भिंतीला भोक पाडून सुटला. पुस्तकांचा प्रश्न दुसऱ्याने दार उघडल्यावाचून सुटण्यासारखा नव्हता. म्हणीने भोक लक्षात ठेवले आणि दार विसरले.

७/
आता इतिहासाकडे. 'हान-शू' हा बान गू याचा ग्रंथ. बान गू इ.स. ९२ मध्ये वारला, म्हणजे कुआंग हेंगच्या काळाला तो 'शीजिंग झाजी'पेक्षा कितीतरी जवळचा. त्याच्या चरित्रात भिंत नाही, भोक नाही, शेजारीही नाही. तेथे इतकेच आहे की घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती होती, घर गरीब होते, आणि शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी हेंगने दुसऱ्यांकडे मोलमजुरी केली. भिंतीची गोष्ट खोटी ठरवायला एवढे पुरेसे नाही. खरी मानायलाही आधार नाही. मजुरी मात्र पक्की.

८/
मजुरी करून शिकलेली विद्या विकायला बाजार लागतो. तो बाजार हान राज्यसत्तेने उभा केला होता. इ.स.पू. १२४ मध्ये सम्राट वू याने राजधानीत महाविद्यापीठ स्थापले आणि तेथे ५० शिष्यांची सोय केली. त्यांना सरकारी वेठीतून सूट होती, आणि परीक्षेत उतरणाऱ्यांना कारभारात जागा मिळे. हा आकडा पुढे १००, २०० असा वाढत युआन सम्राटाच्या वेळी १,००० वर गेला. कन्फ्यूशियसपंथीयांचे अभिजात ग्रंथ जाणणारा माणूस राज्याला हवा होता, म्हणून ते जाणण्यात अर्थ होता. हाच मुलगा शंभर वर्षे आधी जन्मता, तर तेच भोक पाडून आणि तेच ग्रंथ वाचून गावातला एक पढिक शेतमजूर म्हणून राहिला असता.

९/
परीक्षेचे काय झाले, यावर जुन्या ग्रंथांत एकमत नाही. 'हान-शू'नुसार तो पहिल्या श्रेणीत उतरला, तरी नेमणूक मात्र साधीच मिळाली. 'शिजी' या त्याहून जुन्या इतिहासाच्या पुरवणीत वेगळेच आहे : बुद्धी बेताची, पुन्हा पुन्हा नापास, अखेर नवव्या खेपेस तिसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण. पुरवणीकार पुढे म्हणतो की, वारंवार नापास झाल्यामुळेच त्याचे ग्रंथ इतके पक्के झाले! स्पर्धा-परीक्षांच्या वाऱ्या करणाऱ्या आजच्या वाचकांना या दुसऱ्या नोंदीचा मोह पडेल. पडो.

१०/
'काव्यग्रंथ' म्हणजे 'शी-जिंग' हा त्याचा खास विषय. त्यावर तो बोलू लागला की ऐकणाऱ्यांचे चेहरे खुलत, आणि तो येणार असे कळले की इतरांनी त्या विषयावर तोंड उघडू नये, अशा अर्थाचा वाक्प्रचारच विद्वानांत रूढ झाला होता. तरीही तो पिंगयुआन या दूरच्या प्रांतात एका लहान शिक्षकी पदावर खितपत होता. अनेक विद्वानांनी त्याला राजधानीत आणण्यासाठी अर्ज केले. परीक्षकांनी त्याची उत्तरे वाखाणली. पण सम्राट श्वान याला या पंथाच्या पंडितांचे फारसे प्रेम नव्हते. त्याने हेंगला परत पाठवले. ती उत्तरे युवराजाच्या मात्र पाहण्यात आली आणि त्याला मनातून आवडली.

११/
युवराज पुढे युआन सम्राट झाला. तेव्हा दरबारात शी गाओ हा सम्राटाचा नातेवाईक आणि बडा सेनापती प्रभावी होता. छांगआनचा अधिकारी यांग शिंग याने त्याला सल्ला दिला की, कुआंग हेंगसारखा माणूस हाताशी घ्या. त्या सल्ल्यातले एक निरीक्षण फार नेमके आहे : विद्येत या माणसाला तोड नाही, दरबारात चढायला त्याच्यापाशी पायरी नाही, म्हणून तो दूर पडला आहे. शी गाओने पायरी दिली. बुद्धी, कष्ट, भिंतीचे भोक हे सारे जमेस धरूनही, सत्तेच्या उंबऱ्यावर त्याला आणले ते एका राजाच्या आवडीने आणि एका सरदाराच्या गरजेने.

१२/
इ.स.पू. ३६ मध्ये तो महामंत्री झाला. 'लेआनचा उमराव' ही पदवी आणि ६०० घरांचे उत्पन्न मिळाले. शेतमजुराचा मुलगा साम्राज्याच्या सर्वोच्च मुलकी पदावर पोहोचला. म्हण सांगणारे येथे थांबतात, आणि गोष्टीला शेवट म्हणून ही जागा सोयीचीच आहे.

१३/
पण त्याची महामंत्रिपदाची कारकीर्द वाचताना चित्र मलूल होत जाते. दरबारात शी शिएन नावाच्या खोजाची दहशत होती. युआन सम्राट जिवंत असेपर्यंत कुआंग हेंगने त्याच्याविरुद्ध ब्र काढला नाही. सम्राट वारल्यावर, शी शिएनची सत्ता गेल्यावर, त्याने त्याचे अपराध मांडले. वांग झुन या अधिकाऱ्याने तेव्हाच बोट ठेवले की, हे सगळे माहीत होते तर इतकी वर्षे गप्प का बसलात? पुढे हेंगच्या एका मुलाने दारूच्या नशेत माणूस मारला आणि तो कैदेत पडला. दुसरा मुलगा त्याला तुरुंगातून पळवून नेण्याच्या कटात सापडला. वृद्ध महामंत्री टोपी आणि पायताण उतरवून क्षमेसाठी उभा राहिला. सम्राटाने त्याला ती पुन्हा घालायला सांगितली.

१४/
आणि मग जमीन. हा भाग सावकाश वाचण्यासारखा आहे.

त्याची जहागीर लिनहुआई प्रांतातल्या लेआन गावाची होती, ३,१०० छिंग. तिची दक्षिण सीमा शेतांमधल्या एका ठराविक बांधावर होती. इ.स.पू. ४८ मध्ये प्रांताच्या नकाशात चूक झाली आणि सीमा पलीकडच्या दुसऱ्या बांधावर दाखवली गेली. बारा वर्षांनी जहागीर हेंगला मिळाली ती त्या चुकीच्या नकाशाप्रमाणे, ४०० छिंग जास्तीची. आजच्या मापाने ही जादा जमीन चार हजार एकरांहून अधिक भरते. एथवर त्याचा दोष नाही.

इ.स.पू. ३२ मध्ये प्रांताने चूक शोधली, नकाशा दुरुस्त केला आणि महामंत्र्यांच्या कार्यालयाला कळवले. कार्यालय कोणाचे, तर हेंगचेच. त्याने सीमेचे ज्ञान असलेला एक कारकून नेमका हिशेबाच्या विभागात बसवला. सीमेचे काय करणार, म्हणून विचारणाही केली. हाताखालच्याने सुचवले की घरच्या कारभाऱ्याकरवी रीतसर अर्ज करावा. हेंगने ते टाळले. अर्ज नाही, लेखी आज्ञा नाही. कारकुनांना हवे ते करू दिले. कारकुनांनी प्रांताला जाब विचारला की, जुना नकाशा सोडून सीमा का बदलली? प्रांताने निमूटपणे ४०० छिंग परत केली. हेंगने माणूस पाठवून त्या जमिनीचा हजाराहून अधिक शी धान्याचा खंड घरी आणवला. (शी म्हणजे सुमारे २० लिटर.)

१५/
सरकारी कचेरीचा थोडासाही अनुभव असलेल्या माणसाला यात काही परके वाटू नये. आपली सही कोठेच नाही, आणि काम मात्र झालेले! आरोपपत्रात म्हटले होते की, ज्याने कायद्याचे रक्षण करायचे त्या महामंत्र्याने कायदा मोडून, जमीन चोरून स्वतःची भर केली. सम्राटाने खटला चालवला नाही. इ.स.पू. ३० च्या सुमारास पद आणि पदवी काढून त्याला सामान्य प्रजाजन केले. तो घरीच वारला.

१६/
इतका नाट्यमय शेवट म्हणीतून गळाला कसा? उत्तर बालबोध पुस्तकांच्या रचनेत आहे. तांग काळात, आठव्या शतकात ली हान याने मुलांसाठी 'मेंगचिऊ' रचले. त्यात प्रत्येक ओळ चार अक्षरांची : बहुधा दोन अक्षरे व्यक्तीच्या नावाची, दोन कृतीची. 'कुआंग हेंग' आणि 'भिंत भेदणे', झाले. तिसऱ्या गोष्टीला जागाच नाही. पाठांतरासाठी हा साचा उत्तम आहे, पण माणसाचे आयुष्य त्यात एका हालचालीपुरते उरते.

१७/
त्याच 'मेंगचिऊ'त शेजारी-शेजारी आणखी दोन मुले बसली आहेत : सुन कांग बर्फाच्या उजेडात वाचतो, चे यिन काजवे गोळा करतो. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या 'तीन अक्षरी पाठा'तही काजवे आणि बर्फ एकत्र आले, आणि 'घर गरीब असूनही शिकणे न थांबवणारे' म्हणून ही जोडी अमर झाली. त्यांची म्हण 'नांग यिंग यिंग श्वे'.

१८/
चे यिनची नोंद 'जिन-शू'मध्ये आहे. हा इतिहास इ.स. ६४८ मध्ये पूर्ण झाला. चे यिन चौथ्या शतकातला. घरी तेल नेहमी मिळत नसे, म्हणून उन्हाळ्यात तो पातळ पांढऱ्या रेशमाच्या थैलीत काही डझन काजवे भरून रात्री वाचत असे. ही ओळ सर्वांना ठाऊक असते. तिच्या आधीच्या ओळी फारसे कोणी वाचत नाही. पणजोबा वू राज्यात कुआईजी प्रांताचा अधिपती होता. प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्याने लोकांसाठी धान्य मागितले, आणि हा प्रजेत स्वतःचे नाव करू पाहतो, असे म्हणून राजाने त्याचे डोके उडवले. वडील प्रांताच्या कचेरीत अधिकारी होते. मुलगा लहान असतानाच प्रांताधिपतीची नजर त्याच्यावर पडली, आणि त्याने वडिलांना सांगितले की, हा तुमचे घराणे वर काढील, याला फक्त शिकू द्या.

१९/
म्हणजे गरिबी होती, पण ती उतरती कळा लागलेल्या अधिकारी घराण्याची. त्या काळात, इ.स. २२० पासून, अधिकारपदे नऊ श्रेणींच्या पद्धतीने भरली जात आणि व्यवहारात कुळच पाहिले जाई. बिनकुळीच्या मुलाने पोतेभर काजवे जमवले असते, तरी त्याला कोणी विचारले नसते. चे यिन मोठा झाला, मैफिलीत हवाहवासा झाला. तो नसेल तर रंग भरत नाही, असे लोक म्हणत. पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्याने सिमा युआनशिएन या माजोर तरुण सत्ताधीशाबद्दल त्याच्या बापाकडे तक्रार केली. पोराला ते कळले, आणि त्याने चे यिनला आत्महत्या करायला भाग पाडले. थैलीतल्या काजव्यांच्या गोष्टीला हाही शेवट जोडलेला कोठे आढळत नाही.

२०/
काजव्यांच्या उजेडात खरोखर वाचता येते का? मांचू सम्राट कांगशी (राज्यकाळ १६६१–१७२२) याला हा प्रश्न पडला. त्याने शंभर काजवे मोठ्या थैलीत भरून पाहिले. अक्षर ओळखता आले नाही. पुस्तकात लिहिलेले सगळेच खरे मानू नये, असा बोध त्याने घेतला. त्याआधी मिंग काळातल्या विनोदकारांनी तर खिल्लीच उडवली होती. सुन कांग चे यिनला भेटायला जातो, तर नोकर सांगतो, 'मालक काजवे पकडायला गेलेत.' मग चे यिन परतभेटीला येतो, तर सुन कांग अंगणात रिकामा उभा. 'वाचत का नाही?' असे विचारल्यावर तो आभाळाकडे पाहून म्हणतो, 'आज बर्फ पडेलसे दिसत नाही.' दिवसा उजेड असताना काजव्यांमागे धावणारा विद्यार्थी चिनी वाचकांनाही हास्यास्पद वाटला होता, हे म्हणीच्या भक्तांनी ध्यानात ठेवावे.

२१/
याच्या विरुद्ध एक रास्त आक्षेप आहे. या गोष्टींनी असंख्य गरीब मुलांना धीर दिला. जपानीत 'केइसेत्सु', म्हणजे काजवे आणि बर्फ, हा शब्द कष्टाने घेतलेल्या शिक्षणाचे प्रतीक झाला. १८८१ च्या 'होतारु नो हिकारी' या गाण्यातून तो स्कॉटिश चालीवर शाळांच्या निरोपसमारंभांत पोहोचला. ज्याच्याकडे दुसरे काही नाही, त्याला 'तुझ्यासारखाच एक जण होता' हे ऐकायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. रस्त्याच्या दिव्याखाली शिकलेल्या थोरांच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

२२/
आक्षेप मान्य. अडचण येते ती गोष्ट सांगणारा बदलला की. गरीब मुलगा स्वतःला ती सांगतो तेव्हा ती आधार असते. तेलाचे पिंप ताब्यात असलेला माणूस तीच गोष्ट गरीब मुलाला ऐकवतो तेव्हा तिचा अर्थ होतो : तो भोक पाडून शिकला, मग तुला दिवा कशाला हवा? दिवा, ग्रंथ, विद्यापीठातल्या ५० जागा, दरबाराची पायरी हा सारा खर्च त्या एका वाक्यात नाहीसा होतो आणि अपयशाची जबाबदारी एकट्या मुलाच्या माथी येते. कुआंग हेंगला शेजारी भेटला, वन बूशी भेटला, युवराज भेटला, शी गाओ भेटला. ज्यांना यांपैकी कोणीच भेटले नाही, त्यांच्या भिंतींना पडलेली भोके इतिहासात नोंदवली गेली नाहीत.

२३/
उलट टोकाला जाऊन, 'चोर तो अखेर चोरच' असे म्हणणारेही हल्ली आढळतात; तेही तितकेच सवंग आहे. लहानपणी उजेड वळवणाऱ्या हाताने म्हातारपणी जमीन वळवली, यात स्वभावाचे सातत्य शोधायला आधार नाही. गरिबीतून आलेला माणूस निर्मळच राहील, ही अपेक्षा आणि तो लोभीच निघेल, ही शंका, दोन्ही त्याला पुस्तकातले चित्र समजतात. बान गूने त्याला तसे केले नाही. त्याने मजुरी लिहिली, विद्वत्ता लिहिली, शी शिएनपुढचे मौन लिहिले आणि बांधाचा तंटा आकड्यांसह लिहिला. शाळेत शिकवायचे तर हे सगळे शिकवावे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ते पेलत नाही, असे मानण्याचे कारण नाही.

२४/
चरित्राच्या अगदी शेवटी बान गू दोन छोट्या गोष्टी नोंदवतो. हेंगचा शिएन नावाचा मुलगाही अभिजात ग्रंथांत निष्णात झाला आणि साम्राज्याच्या नऊ मोठ्या मंत्र्यांच्या पंक्तीत बसला. आणि त्या घराण्यात पुढे पिढ्यान्‌पिढ्या अनेक जण राजविद्यापीठाचे आचार्य झाले. त्यांच्या घरी आता ग्रंथ होते, आणि तेलही होते.